सासूबाईंच्या इंजिनाचं आयुष्य

सासूबाईंनी ती गाडी घरी आणली तेव्हा मी त्यांच्याच दारात शिडीवर उभा होतो. बाहेरचा दिवा लागत नाही म्हणून बायकोने मला पाठवलं होतं. खालून गुरगुर ऐकू आली, वळून पाहिलं, तर गडद निळ्या रंगाची, बुटकी, जेमतेम दोन माणसांची एक स्पोर्ट्स कार फाटकातून आत येत होती. ती थांबली आणि तिच्यातून माझ्या सासूबाई उतरल्या. दिवा अजूनही लागत नाही.

या गाडीत बसणं हा प्रकार सोपा नाही. आधी डोकं आत घालायचं, मग उरलेला माणूस हळूहळू त्याच्यामागून पाठवायचा. उतरताना हाच क्रम उलटा, फक्त मधे थोडं कण्हावं लागतं. सासूबाई मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर असूनही तिच्यात अशा सहज शिरतात, जशी पाकिटात चिठ्ठी सरकावी. त्या आयुष्यभर भूलतज्ज्ञ होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या तरी आवाज तोच राहिला आहे: मऊ, संथ, समोरच्याला हळूच झोपेकडे नेणारा. त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस तिसऱ्या वाक्याला जांभई देतो. मी स्वतः दिली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी बघायला सगळे जमले. बायको म्हणाली, "आई, या वयात ही गाडी कशाला?"

"या वयात नाही तर कोणत्या वयात?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि माझ्यानंतर ही जावईबापूंचीच आहे."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी गाडीच्या दारावरून हात फिरवत होतो.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत टिकाऊपणा तपासणी विभागात आहे. आमच्या खोलीत एक यांत्रिक हात दिवसभर फ्रिजचं दार उघडतो आणि लावतो, उघडतो आणि लावतो. बिजागरी कधी कुरकुरायला लागते, रबर कधी ढिलं पडतं, ते मी बघतो. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. प्रत्येक वस्तू आपलं आयुष्य ठरवून आलेली असते आणि आपण ती वापरतो तेव्हा त्यातलंच थोडं थोडं खर्च करतो, यावर माझा पक्का विश्वास आहे. आमच्या घरातल्या फ्रिजचं दार मी विनाकारण उघडू देत नाही. बायको काय काढायचं ते आधी ठरवते आणि मगच उघडते, निदान मी समोर असलो तर.

तर अशा माणसाला एका रविवारी सकाळी कळलं की सासूबाई घरी नाहीत.

"आई ट्रॅकवर गेलीय," बायको म्हणाली.

"चालायला? चांगलं आहे. या वयात चालणं..."

"चालायला नाही. चालवायला."

शहराबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. विमानं तिथून केव्हाच हलली. कुणीतरी तिला वळणं जोडून गाड्यांचा ट्रॅक केला. तिथे लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते करतात. सासूबाई गाडी आल्यापासून दर महिन्याला तिथे जात होत्या, आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी डोळ्यांसमोर चित्र आणून पाहिलं. इंजिन किंचाळतंय, काटा लाल पट्ट्यात, ऑइल उकळतंय. एकेका फेरीत माझी गाडी झिजतेय. "माझी" हा शब्द मनात आपोआप आला, मी आणला नाही.

यात एक नाजूक मुद्दा होता आणि तो मी कुणाशी बोलू शकत नव्हतो. माझ्या गणितात दोन आयुष्यं येत होती. एक इंजिनाचं. दुसऱ्याबद्दल मी कधीही वाईट चिंतलं नाही, हे इथे स्पष्ट नमूद करतो. सासूबाईंची तब्येत ठणठणीत आहे आणि ती तशीच राहावी. पण त्या जितक्या ठणठणीत राहतील तितक्या फेऱ्या जास्त होणार, हेही खरं. गणित इथपर्यंत आलं की मी उठून पाणी प्यायचो. त्या दिवसांत मी बरंच पाणी प्यायलो.

प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवावा म्हणून मी जाणकारांना विचारायचं ठरवलं. आमच्या इमारतीत जाणकारांची कमतरता नाही. वरच्या मजल्यावरचे पंपकाका जन्मभर पाण्याचे पंप बसवत आले. जगातली कोणतीही गोष्ट त्यांना शेवटी पंपच वाटते. मी जिन्यात विषय काढला, तसे ते एक पायरी खाली उतरले. सल्ला द्यायचा असला की ते नेहमी एक पायरी खाली उतरतात.

"इंजिन म्हणजे मुळात काय? पंप. ट्रॅकवर लांब वळण घेतलं की ऑइल जातं एका बाजूला. ऑइलचा पंप ओढतो हवा. बेअरिंग कोरडं. खलास."

"म्हणजे किती दिवसांत?"

"दिवस कसले विचारता? वळण विचारा."

समोरच्या दारातून गाणं शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या. त्या आतून ऐकत असाव्यात, कारण त्यांनी सुरुवातच मधून केली. "मला नाही पटत. गळा तापवून मग वर गेलं तर काही होत नाही. उलट वरचे सूर कधी लावलेच नाहीत तर ते जातात. माझ्याकडे असे कितीतरी येतात, सांभाळून सांभाळून आवाज बसलेले."

"गळा म्हणजे पंप नव्हे," पंपकाका म्हणाले.

"मग फुप्फुस काय आहे?" बाई म्हणाल्या.

पंपकाका ती एक पायरी परत वर चढले. मी तिथून निघालो. त्यानंतर त्या दोघांत या विषयावरून जो अबोला झाला, त्याचं खापर अजूनही माझ्या डोक्यावर फुटतं.

तिसरे जाणकार म्हणजे सासूबाईंच्या गाडीचे मेकॅनिक. यांना आम्ही घरात शोकसभा म्हणतो. कोणतीही गाडी समोर आली की ते टोपी काढतात, बॉनेट उघडतात आणि दिवंगत व्यक्तीबद्दल बोलावं तशा आवाजात बोलतात. "चांगलं इंजिन होतं," ते म्हणाले. गाडी तेव्हा उत्तम चालू होती, फक्त ऑइल बदलायला आली होती. "ट्रॅकने भलीभली इंजिनं खाल्ली. ट्रॅकचं इंजिन मी डोळे मिटून ओळखतो. तुम्ही त्यांना समजावा."

मला हवा होता तो माणूस मिळाला. त्या दिवशी आम्ही दोघांनी गॅरेजच्या बाकड्यावर बसून एका जिवंत इंजिनाबद्दल बराच वेळ दुःख केलं. फार बरं वाटलं.

आता समजवायचं कसं? सरळ सांगावं तर हेतू उघडा पडणार. मी आडून सुरुवात केली. रविवारी जेवताना म्हणालो, "आई, ट्रॅकवर ऑइल फार तापतं म्हणे."

"तापतं ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून मी पहिली फेरी हळू घेते, आणि शेवटचीही. आणि ऑइल लवकर बदलते. माणसाला भूल देताना जसं हळू आत न्यायचं आणि हळू बाहेर आणायचं, तसंच. मधलं कुणीही करतं."

"पण झीज तर होतेच ना?"

"होते. ब्रेकची होते, टायरची तर विचारूच नका. इंजिनाचीही होत असेल थोडी." त्यांनी माझ्या ताटात वाढलं. "तुम्ही कमी जेवता हल्ली."

मला जांभई आली. बायकोने टेबलाखालून पाय मारला, पण तो जांभईसाठी होता की विषयासाठी, ते कळलं नाही.

आडमार्ग बंद झाला, तेव्हा मी कायदेशीर मार्ग धरला. ट्रॅकवर गाडीचं काही झालं तर विमा मिळतो का, हे विचारायला मी विमा कार्यालयात गेलो. मिळत नाही असं लेखी उत्तर आणायचं आणि सासूबाईंसमोर ठेवायचं, एवढाच साधा बेत होता.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नुकसान कधी झालं?"

"नाही झालं अजून."

"मग कशासाठी आलात?"

"झालं तर काय, ते विचारायला."

त्यांनी संगणकात पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. त्यानेही पाहिलं. अडचण अशी निघाली, की त्यांच्याकडे नुकसानाची नोंद होते, तक्रारीची होते, पत्ता बदलल्याची होते. पण नुसत्या प्रश्नाची होत नाही. आणि नोंद झाल्याशिवाय लेखी उत्तर निघत नाही.

"संभाव्य नुकसान असं टाकू का?" बाईंनी विचारलं. चांगल्या स्वभावाच्या होत्या. मला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"त्यात टाकलं तर उत्तर मिळेल?"

"मिळेल."

"मग टाका."

कारण या रकान्यात त्यांनी माझ्याच तोंडचं वाक्य लिहिलं: सासूबाई गाडी ट्रॅकवर चालवतात. खाली मी सही केली. माझी सही तशी वळणदार आहे. त्या दिवशी ती विशेष चांगली आली होती.

उत्तर आलं नाही. निरीक्षक आला. तोही माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे, कारण गाडी त्यांच्या नावावर. मी तेव्हा तिथेच होतो, शिडीवर. निरीक्षकाने बॅटरीच्या उजेडात गाडी चारी बाजूंनी पाहिली, खाली वाकून पाहिली, मग उभा राहून म्हणाला, "बाई, गाडीला तर काहीच झालेलं नाही."

"काय व्हायला हवं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या जावयांनी कळवलंय, की तुमच्यामुळे गाडीचं नुकसान होणार आहे."

अशा वेळी माणसाने शिडीवर असू नये. उतरावं तर समोर जावं लागतं, न उतरावं तर दिसत राहावं लागतं. मी दिव्याचा स्क्रू घट्ट केला. तो घट्टच होता.

निरीक्षक गेल्यावर सासूबाई शिडीपाशी आल्या. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"उतरा," त्या त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "चहा ठेवते."

चहा पिताना त्यांनी निरीक्षकाचा विषय काढला नाही. कप ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला इंजिनाची एवढी काळजी आहे, तर येत्या रविवारी बरोबर चला. लांबून काळजी करण्यात अर्थ नसतो."

घरी बायकोने मात्र विषय काढला, आणि झोपेपर्यंत ठेवला नाही. "माझ्या आईविरुद्ध तू विमा कंपनीत तक्रार केलीस," असं तिचं म्हणणं. ती तक्रार नव्हती, संभाव्य नुकसान होतं, हा फरक मी तिला तीनचार प्रकारे सांगून पाहिला.

रविवारी सकाळी मी डोकं आत घातलं, उरलेला मी मागून पाठवला आणि आम्ही निघालो. ट्रॅकवर तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या होत्या आणि सगळ्यांची सासूबाईंशी ओळख होती. तिथे त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. तरणीताठी माणसं येऊन "डॉक्टर, आज तिसऱ्या वळणावर वाळू आलीय" वगैरे सांगत होती. माझी ओळख त्यांनी "हे माझे जावई, इंजिनाची काळजी घेतात" अशी करून दिली. लोकांना वाटलं मी मेकॅनिक आहे. एकाने मला त्याच्या गाडीचा आवाज ऐकायला बोलावलं. मी ऐकला आणि टोपी असती तर काढली असती अशा चेहऱ्याने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला.

हेल्मेट घालून आम्ही ट्रॅकवर गेलो. पहिली फेरी खरोखरच हळू होती. सासूबाईंचं लक्ष ऑइलच्या तापमानाच्या काट्यावर होतं. मी सैलावलो. हे एवढंच असेल तर, मला वाटलं, उगाच मी रान उठवलं.

मग काटा त्यांच्या मनासारखा आला आणि त्या म्हणाल्या, "हं."

त्या 'हं'नंतरचं मला सलग आठवत नाही. पाठ सीटला चिकटली. समोरचं वळण आमच्यावर धावून आलं, सासूबाईंनी ब्रेक दाबला तेव्हा माझा आतला ऐवज पुढे गेला, आणि वळणात तोच ऐवज एका बाजूला गोळा झाला. ऑइलचं काय होत असेल ते मला आतून कळलं. इंजिन ओरडत होतं. पण एक सांगतो, ते दुखून ओरडत नव्हतं. आणि त्या सगळ्या गोंगाटात सासूबाई अगदी शांत बसल्या होत्या. त्यांचा हात गियरवर पडायचा आणि उठायचा, त्याला जोर म्हणून लागत नव्हता. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. जेवायला वाढताना, टीव्ही बघताना, लोकांच्या लग्नात, सगळीकडे त्या किंचित थकलेल्या दिसतात. इथे त्या थकलेल्या नव्हत्या.

शेवटची फेरी पुन्हा हळू घेऊन त्यांनी गाडी बाजूला आणली. इंजिन लगेच बंद केलं नाही, थोडं चालू ठेवलं. मग हेल्मेट काढून मला विचारलं, "चालवता का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण दार उघडं होतं, सीट रिकामी होती, आणि गाडी मी आजवर फक्त बाहेरून पुसली होती.

सासूबाई शेजारी बसल्या. मी इंजिनाचा विचार करून इतक्या हळू निघालो, की कडेला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस दोन पावलं आमच्याबरोबर चालला आणि गाडी बंद पडली का म्हणून विचारून गेला. मागून एकेक गाडी आम्हाला ओलांडून जात होती. त्यातली एक कुटुंबाची जुनी गाडी होती, मागे लहान मुलाची सीट बांधलेली.

"थोडी तरी पळवा," सासूबाई म्हणाल्या. "तिलाही बरं वाटेल."

पळवली. एक वळण नीट गेलं. दुसरं त्याहून नीट गेलं. "छान," सासूबाई म्हणाल्या, आणि इथेच सगळा घात झाला. मला आमच्या खात्यात इतक्या वर्षांत कुणी छान म्हटलेलं नाही. फ्रिजचं दार तुटलं तर मला दोष येतो आणि नाही तुटलं तर दाराचं कौतुक होतं. त्या एका शब्दाने माझ्यात जी हवा भरली, तिच्या जोरावर मी सरळ पट्टीवर पाचव्या गियरपर्यंत गेलो. समोर मोठं वळण आलं. ब्रेक दाबला. आता पाचव्यातून चौथा टाकायचा. मी गियरची मूठ घट्ट आवळली आणि सर्व शक्तीनिशी रेटून मागे ओढली.

दुसरा पडला.

क्लच सुटला त्या क्षणी चाकांनी इंजिनाला धरून गरागरा फिरवलं. इंजिनाने तोवर कधीही न काढलेला आवाज काढला, मग भांड्यांची फळी कोसळावी तसा आणखी एक आवाज झाला, आणि मग काहीच नाही. गाडी गवतात जाऊन अलगद थांबली. बॉनेटच्या फटीतून थोडा धूर निघाला. कुठेतरी एक पक्षी बोलत होता.

"कुठे लागलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मान हलवून बघा."

मी हलवली.

"मग झालं," त्या म्हणाल्या.

परतताना आम्ही गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकमध्ये पुढे बसलो: ड्रायव्हर, मधे सासूबाई, खिडकीशी मी. मागे गाडी बांधलेली. मला आरशातून ती दिसत होती, म्हणून मी आरशाकडे बघायचं टाळत होतो.

"आई, इंजिन गेलं," मी शेवटी म्हणालो.

"हो."

"माझ्यामुळे गेलं."

"हो," सासूबाई म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. ड्रायव्हरने माझ्याकडे एकदा पाहिलं.

ट्रक मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्या बोलल्या. "मी इतकी वर्षं लोकांच्या उशाशी बसले. दुसऱ्याचा श्वास मोजत. घाई करायची नाही, आवाज करायचा नाही, नजर हलवायची नाही. सवयच लागली. घरीही तशीच राहिले. ट्रॅकवर पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीत एकटीच होते, आणि मी ओरडले. भीतीने नाही, असंच. कुणी उठणार नव्हतं."

ड्रायव्हरने मान डोलावली. त्याला जांभई आली, तेव्हा मी त्याच्याशी रस्त्याबद्दल चार गोष्टी बोललो.

"आणि गाडी तुम्हाला द्यायचं म्हटलं ते उगाच नव्हतं," सासूबाई पुढे म्हणाल्या. "त्या दिवशी शिडीवरून उतरून तुम्ही तिच्या दारावर हात फिरवत होतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला काही हवंय असं मी कधी पाहिलंच नव्हतं. वस्तू सांभाळताना पाहिलंय. हवीशी वाटताना नाही."

मी खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

शोकसभांनी इंजिन उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांचा आवाज आता पूर्णपणे प्रसंगाला साजेसा होता. वरचा भाग, ज्याला ते डोकं म्हणतात, काढून बाकावर ठेवला. व्हॉल्व्ह एकजात वाकले होते.

"हे तुमचं," ते म्हणाले. "आता ट्रॅकने काय खाल्लंय ते बघू."

खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही आशा होती. त्यांनी सिलिंडर पुसून पाहिले, खालून ऑइलचं भांडं काढलं, बेअरिंग सोडवून उजेडात धरलं. मी भिंग आणून दिलं. पुष्कळ शोधल्यावर त्यांना एका बेअरिंगवर एक पुसट रेघ सापडली. "ही बघा," ते म्हणाले, आणि मी वाकून पाहिलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या रेघेवर शोकसभा भरवणं त्यांनाही शक्य नव्हतं. बाकी सगळं ठीक होतं. "बाईंनी नीट चालवलीय," ते पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले आणि बेअरिंग माझ्या हातात देऊन हात धुवायला गेले.

दुरुस्ती मी करून देतो, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या बरं म्हणाल्या. इतक्या पटकन बरं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं.

विमा कार्यालयातून त्याच आठवड्यात फोन आला. जुनी नोंद बंद करायची होती. "तुमचं संभाव्य नुकसान झालं का?" त्या चांगल्या स्वभावाच्या बाईंनी विचारलं.

"झालं."

"मग ते आता संभाव्य राहिलं नाही. त्याची नोंद वरच्या मजल्यावर होते. पण ट्रॅकवर झालं असेल तर मिळत नाही."

"हेच मला लेखी हवं होतं," मी म्हणालो.

"आता देता येईल," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दिलंसुद्धा.

इंजिनाचं डोकं कारखान्यात गेलं आणि तिथे त्याच्यापुढे बरीच डोकी रांगेत होती. शोकसभांच्या गॅरेजमध्ये जागा नव्हती, म्हणून उरलेली गाडी त्यांनी फडक्याने झाकून सासूबाईंच्या दारात आणून सोडली. बायको म्हणाली, "आता काही दिवस तू तिकडे फिरकू नकोस." मी फिरकलो नाही. शेवटी सासूबाईंचाच निरोप आला, की संध्याकाळी ऑफिसातून थेट या.

गेलो तर त्या गाडीत बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर. चालवणाऱ्याची सीट रिकामी होती आणि दार उघडं.

"बसा," त्या म्हणाल्या.

"आई, हिला इंजिन नाहीये."

"क्लच आहे, गियर आहेत. तुम्हाला आत्ता तेवढंच लागणार आहे."

मी बसलो. त्यांनी माझा हात उचलून गियरवर ठेवला आणि आवळलेली बोटं एकेक करून सोडवली, नाडी बघताना धरावा तसा माझा हात धरून. "तुम्ही भ्यालात आणि मूठ आवळलीत. मूठ आवळली की माणूस दांडी पलीकडे रेटतो, आणि पलीकडे मागे दुसरा असतो. तळहात उघडा ठेवा. त्याला रेटायचं नाही, नुसतं मागे येऊ द्यायचं. पाचव्यातून सोडला की तो आपोआप मधे येतो, आणि तिथून चौथा सरळ मागेच आहे."

मी क्लच दाबला. गियर पाचव्यातून काढला. दुसऱ्यात गेला.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा दुसरा. मग तिसऱ्याच्या आसपास कुठेतरी. रस्त्यावरून जाणारी माणसं फाटकाशी रेंगाळत होती. झाकण अर्धं काढलेली, कुठेही न जाणारी गाडी आणि तिच्यात समोर बघत बसलेले सासू-जावई. गाण्याच्या बाई बाजाराच्या पिशव्या घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मान वाकवून आत पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेल्या. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण माझं लक्ष तळहाताकडे होतं.

थोड्या वेळाने मला जाणवलं, की मी तोंडाने इंजिनाचा आवाज काढतोय. आधी अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, मग जरा मोठ्याने. मी एकदम गप्प झालो.

"थांबू नका," सासूबाई म्हणाल्या. "फक्त आवाज आधी उतरवा. तुम्ही ब्रेक दाबायच्या आधीच गियर टाकताय. सरळ पट्टी संपतेय, तिथून पुन्हा या."

मी पुन्हा आलो. आवाज वर नेला, खूप वर नेला, समोरची भिंत जवळ आल्यासारखी वाटली, ब्रेकवर पाय दाबला, आवाज उतरवला, क्लच, तळहात उघडा. गियर मागे सरकला आणि जिथे जायला हवा होता तिथे जाऊन बसला.

"लागला," सासूबाई हलकेच म्हणाल्या. "आता वळण घ्या."

मी स्टीअरिंग फिरवलं, आणि आम्ही दोघंही एकदमच थोडे डावीकडे कललो.